शब्द कमी केले की अर्थही कमी होतो, असे का?

काना_मात्रा (प्रश्न)

एका संस्थेचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. पत्रे पाल्हाळिक होतात, अशी तक्रार वरिष्ठांनी केल्यापासून मी काटछाट सुरू केली आहे. परंतु काटछाटीनंतर उरते ते थोडक्यात सांगितलेले वाटत नाही, अर्धवट सांगितलेले वाटते. नमुन्यादाखल मूळ वाक्य देतो : 'आपण सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने आपणांस असे कळविण्यात येते की, आवश्यक असलेली सर्व कागदपत्रे विहित मुदतीच्या आत प्राप्त न झाल्याच्या कारणास्तव आपल्या अर्जावर कोणत्याही प्रकारची कार्यवाही करणे शक्य झालेले नाही.' हे 30 शब्द मी 8 वर आणले : 'कागदपत्रे वेळेत न आल्याने अर्जावर कार्यवाही झाली नाही.' वाक्य आटोपशीर झाले खरे, पण पत्र मिळालेले लोक 'म्हणजे नेमके काय?' असे विचारू लागले. अल्पाक्षरत्व साधण्याची काही रीत आहे काय?

जुना_मुद्रितशोधक

आपल्या 8 शब्दांत दोष नाही, कारण मूळच्या 30 शब्दांतही याहून अधिक काही नव्हते. कोणती कागदपत्रे आली नाहीत आणि आता अर्जदाराने काय करायचे, हे दोन्ही वाक्यांत नाही. लांब वाक्यात ती उणीव 'अनुषंगाने' आणि 'कारणास्तव' यांच्या गर्दीत झाकली गेली होती, एवढेच. वाचलेले शब्द तिथे खर्च करावेत : 'वयाचा दाखला मुदतीत न आल्याने आपला अर्ज थांबवला आहे, दाखला मिळताच पुढील कार्यवाही करू.' हे 14 शब्द झाले, म्हणजे आपल्यापेक्षा 6 जास्त, तरीही मी यालाच अधिक अल्पाक्षरी म्हणेन. (आणि 'करण्यात येते' दिसले की आधी कर्ता शोधावा. बहुतेक वेळा तो लपूनच बसलेला असतो.)

सूत्रपाठी

थोडक्यात सांगण्याची पराकाष्ठा पाहायची असेल, तर संस्कृत व्याकरणकार पाणिनीचे 'इको यणचि' हे सूत्र पाहावे. अक्षरे पाच. अर्थ असा की, इ, उ, ऋ, ऌ यांच्यापुढे स्वर आला असता त्यांच्या जागी अनुक्रमे य, व, र, ल येतात. प्रति + एक याचे 'प्रत्येक' होते आणि सु + आगत याचे 'स्वागत' होते, ते याच नियमाने. 'च्या जागी' आणि 'पुढे असता' यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत, ते काम षष्ठी आणि सप्तमी या विभक्तीच करतात. 'संधी होत असताना' ही अट तर आधीच्या सूत्रातून अनुवृत्तीने चालत येते, त्यामुळे ती पुन्हा लिहावीच लागत नाही.

मात्र ही काटकसर फुकट मिळत नाही. इक् (इ, उ, ऋ, ऌ), यण् (य, व, र, ल) आणि अच् (सर्व स्वर) हे संक्षेप ज्या 14 माहेश्वरसूत्रांवरून, म्हणजे वर्णांची विशिष्ट क्रमाने मांडणी करणाऱ्या सूत्रांवरून, तयार होतात, ती पाठ नसतील तर ही पाच अक्षरे निरर्थक आहेत. लेखक जेवढे गाळतो, तेवढे वाचकाजवळ आधीपासून असावे लागते. आपल्या अर्जदाराजवळ ते नव्हते, म्हणून तो विचारू लागला. सूत्राच्या परंपरागत लक्षणात 'अल्पाक्षरम्' नंतर लगेच 'असंदिग्धम्' येते, हे आपल्याकडे अल्पाक्षरत्वाचे कौतुक करणारे पुष्कळदा विसरतात.

शेपूट_अव्यय

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण मराठीपुरती एक भर घालतो. काटछाट करणाऱ्यांची कात्री सर्वांत आधी बारीक शब्दांवर चालते, आणि माझ्या मते मराठीत सर्वाधिक अर्थ तिथेच साठलेला असतो. 'तोच आला' म्हणजे दुसरा कोणी नाही. 'तो आलाच' म्हणजे येऊ नये असे वाटत असताना, किंवा येणार याची खात्री असल्याप्रमाणे, आला. 'तोही आला' म्हणजे इतर आधीच आले होते. एका अक्षराने, आणि त्या अक्षराच्या जागेने, सगळा प्रसंग उभा राहतो. 'तो आला म्हणे' यातला 'म्हणे' तर सांगतो की मी पाहिलेले नाही, ऐकलेले सांगतो आहे, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. हे सारे दोन अक्षरांत. जड शब्द खुशाल काढावेत. च, ही, तरी, ना, म्हणे यांना हात लावण्यापूर्वी वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

काना_मात्रा

सर्वांचे आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून मागच्या आठवड्यातले एक पत्र काढून पाहिले. मसुद्यात 'निदान वयाचा दाखला तरी पाठवावा' असे होते. 'निदान' आणि 'तरी' मला भरतीचे वाटले, म्हणून मी 'वयाचा दाखला पाठवावा' एवढेच ठेवले. अर्जदाराने दाखला तत्परतेने पाठवला आणि बाकीची कागदपत्रे आता लागणार नाहीत, असे समजून तो स्वस्थ बसला आहे. त्याला आज दुसरे पत्र लिहितो.