‘पास आऊट’ म्हणजे पदवी की भोवळ?

इरसाल_डोंबिवलीकर:
भाचीचा बायोडेटा तपासायला आला. अर्ज आयर्लंडला जाणार होता. पहिल्याच ओळीत ‘आय पास्ड आऊट इन 2021’. म्हटलं, बाई गं, हे खोड. तिकडे रोजच्या बोलण्यात याचा अर्थ ‘मी 2021 साली बेशुद्ध पडले’. वर प्यायलेली होती की काय, असा संशय फुकट. सरळ ‘ग्रॅज्युएटेड’ लिही. तर ती माझ्यावरच उखडली, कॉलेजात सरसुद्धा असंच म्हणतात म्हणे. म्हणत असतील! माझं मत: हा वापर चूक आहे आणि तो बंद व्हायला हवा. तुमचं?

फौजी_घराणं:
चूक कसली? खडकवासल्याला एनडीएत पासिंग आऊट परेड होते, तेव्हा कुणी भोवळ येऊन पडत नाही. (उन्हात एखादा पडतो, तो भाग निराळा.) मे 2025 मध्ये तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी. त्यांचंही ‘पासिंग आऊट’च झालं ना? आणि हे आपण जुळवलेलं नाही, साहेबाच्याच सैन्यातून आलंय. ब्रिटनमध्ये आजही पोलीस नि अग्निशमन दलात भरती झालेल्यांची अशी परेड होते. तिथल्या शब्दकोशांत लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणे हा अर्थ बेशुद्धीच्या शेजारीच असतो. उघडून बघा.

इरसाल_डोंबिवलीकर:
अहो, तिथला कॅडेट खरोखर संचलन करत मैदानाबाहेर पडतो. बी.कॉम.वाला कुठून बाहेर पडतो, कँटीनमधून? तो अर्थ गणवेशाला चिकटलेला आहे, पदवीला नाही. अमेरिकेत तर आणखी तिसरंच: बाई वर्गात कागद ‘पास आऊट’ करतात, म्हणजे वाटतात.

पाटी_पेन्सिल:
मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. मुलांचा हिशोब साधा असतो: परीक्षा पास, मग कॉलेजातून आऊट. उलट शुद्ध हरपण्याचा ‘पास’शी काय संबंध, असं पोरं विचारतात तेव्हा मी ‘पाठ करा’ म्हणून सुटका करून घेते. पुढे ‘पास अवे’ म्हणजे वारणे, ‘पास ऑफ’ म्हणजे नकली माल अस्सल म्हणून खपवणे, ‘पास अप’ म्हणजे चालून आलेली संधी सोडणे. आहे काही ताळमेळ? डॉ. जॉन्सननी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय, की क्रियापदाला असं शेपूट जोडून अर्थ फिरवण्याची पद्धत परक्यांना सगळ्यात जड जाते. आमच्या पोरांना एक अर्थ आपसूक लागलाय, तर तोही काढून घ्या!

खवचट_काका:
‘गो ऑफ’ तर त्याहून नाठाळ. दिवा गेला तरी ‘वेंट ऑफ’, गजर वाजला तरी ‘वेंट ऑफ’. एक बंद पडतो, दुसरा सुरू होतो. आणि इंग्लंडात दूध नासलं तरी तेच. पण मंडळी, आपलं ‘उडणे’ काय कमी आहे? बल्ब उडाला की अंधार, भडका उडाला की उजेड. रंग उडतो, झोप उडते, नवराबायकोत खटके उडतात. इंग्रजाला बसवा समोर आणि शिकवा. एका शब्दाला उलटसुलट अर्थ असले म्हणून त्यातला एक चूक ठरत नाही.

बर्मिंगहॅमची_मावशी:
इथे इमर्जन्सीत नर्स आहे. पेशंट ‘आय पास्ड आऊट’ म्हणाला की आमचे पुढचे प्रश्न ठरलेले: किती वेळ, आधी गरगरलं का, डोक्याला मार लागलाय का. दुसरा अर्थ मनातही येत नाही. आपल्याकडून नवीन आलेली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत सांगत होती, ‘आम्ही तिघी एकत्रच पास आऊट झालो’. टेबलावरचे चमचे थांबले. मग उलगडा झाला, हशा झाला, संपलं. समोरासमोर असं निभावतं. कागदावर लिहिलेलं असेल तर खुलासा विचारायला कोण फोन करणार आहे?

फौजी_घराणं:
आणि पुण्या-बंगळुरूच्या जाहिरातींत ‘2024 पासआऊट्स ओन्ली’ छापतात त्याचं काय? तिथे फॉर्ममध्येच ‘पासआऊट इयर’चा रकाना असतो. मावशी म्हणतात ते परदेशापुरतं मान्य. पण इथे लाखो लोक एकमेकांना बिनचूक समजून घेतायत, त्याला चूक कुठल्या तोंडाने म्हणायचं?

इरसाल_डोंबिवलीकर:
इथल्या इथे समजतं म्हणूनच तर पोरांना कधी कळत नाही की बाहेर ते चालत नाही. रकान्यात लिहा, पण शिकवू तरी नका.

पाटी_पेन्सिल:
मग सोमवारी वर्गात काय सांगू?

खवचट_काका:
सोपं आहे. मागे ‘फ्रॉम’ आलं की कॉलेज, नुसतंच असेल तर तोंडावर पाणी मारा.

बर्मिंगहॅमची_मावशी:
काका, ‘पास्ड आऊट फ्रॉम द हीट’ रोज ऐकते मी उन्हाळ्यात.