मदत हवी आहे: आबांना रविवारी साक्ष द्यायचीय

प्रभूच्या नावानं सर्वांना सलाम. आम्ही जालन्याचे. आबांचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा. आबा मात्र रोज काठी टेकत गल्लीतल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला जातात. येत्या रविवारी चर्चच्या उपासनेत साक्ष देणार, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणार म्हणतात. आई रडते, "दम लागतो हो, पडून राहा." मला दोघांचंही पटतं.

ती साक्ष लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आहे. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र 1:21 ("मला जगणं हे ख्रिस्त आणि मरणं हे लाभ") त्यांनीच निवडलंय. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता, हे सांगताना त्यांचा गळा भरून येतो. 86 वर्षं सेवा केलेल्या प्रभूला मरतानाही न नाकारणारा, सुरुवातीच्या मंडळीचा हुतात्मा बिशप पॉलिकार्प त्यांना साक्षीत हवाय. आणि आपले ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री! 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. मंडळीतल्या पोरांना हे ठाऊकच नाही, याची मला फार खंत वाटते.

बेथेलच्या जुन्या घरांतून शेषाद्रींच्या आठवणी कुणी ऐकल्यात का? आणि भीतीबद्दल आबांनी उघड बोलावं का? ते म्हणतात, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला होता, मग मी का लपवू? आई नको म्हणते. ज्यांच्या घरी असा प्रसंग आलाय, त्यांनी शनिवारपर्यंत कळवा.