आईचे वास्पीचे पैसे – फॉर्म कुठे मिळतो? (यूके) तातडीने मदत हवी

सावनी_रेडिंग | २४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

यूकेतलं कोणी जागं आहे का? आईचे वास्पीचे, म्हणजे पेन्शनच्या भरपाईचे, २,९५० पाउंड मिळवायचे आहेत. आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतंय की सरकार आता देणार, पण फॉर्म काही सापडत नाही. सरकारी साइटवर तासभर डोकं आपटलं, फोन लावला तर नुसतं संगीत. शेवटी एका साइटवर नाव नोंदवलं, तिथूनही उत्तर नाही. कृपया फक्त लिंक द्या. 'गूगल कर' सांगू नका, करून झालंय.

हिशेबनीस | रात्री ११:५८

फॉर्म सापडत नाही कारण फॉर्म नाहीच. योजनाच नाही. ११ नोव्हेंबरला पेन्शनमंत्री पॅट मॅकफॅडन एवढंच म्हणाले की २००७ चा एक जुना अहवाल समोर आलाय, म्हणून भरपाईला दिलेला आधीचा नकार पुन्हा तपासतो. 'पुन्हा विचार करतो' म्हणजे 'देतो' नव्हे.

आईची जन्मतारीख सांगा.

सावनी_रेडिंग | रात्री १२:०३

जन्मतारखेचा काय संबंध? साठच्या कधीच पुढे गेलीये. आणि तो २,९५० चा आकडा काय आभाळातून पडला?

पाऊसवेडी_लीड्स | रात्री १२:०७

बाकीचं राहू दे. 'एका साइटवर नाव नोंदवलं' म्हणजे काय? पैसे भरलेस का??

सावनी_रेडिंग | रात्री १२:१०

२५ पाउंड. प्रोसेसिंग फी.

पाऊसवेडी_लीड्स | रात्री १२:११

अगं बाई. आत्ताच्या आत्ता १५९ ला फोन कर, तो थेट तुझ्या बँकेला जोडून देतो. कार्ड बंद कर. आईचा नॅशनल इन्शुरन्स (एनआय, पेन्शनच्या वर्गणीचा) नंबर दिलास का तिथे?

वऱ्हाडी_काका | सकाळी ६:१५

काहो, हे वास्पी म्हणजे काय आहे? मले वाटलं स्कूटरचा धागा आहे. माझ्याकडे ७८ ची होती.

हिशेबनीस | सकाळी ८:३०

काका, ती वेस्पा. ही वास्पी : विमेन अगेन्स्ट स्टेट पेन्शन इनइक्वॅलिटी. २०१५ साली सुरू झालेली मोहीम. ब्रिटनमध्ये बायकांना १९४० पासून साठाव्या वर्षी सरकारी पेन्शन मिळायची, पुरुषांना पासष्टाव्या. १९९५ च्या कायद्याने ठरलं की २०१० ते २०२० या दहा वर्षांत बायकांचंही हळूहळू ६५ करायचं. मग २०११ च्या कायद्याने मध्येच वेग वाढवला : ६५ नोव्हेंबर २०१८ लाच, आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत सगळ्यांना ६६. यात सापडल्या ६ एप्रिल १९५० ते ५ एप्रिल १९६० मध्ये जन्मलेल्या बायका, साधारण ३६ लाख.

सावनी, म्हणून जन्मतारीख विचारली. आणि २,९५० आभाळातून नाही पडला. संसदेच्या लोकपालांनी मार्च २०२४ मध्ये प्रत्येकी १,००० ते २,९५० अशी शिफारस केली. १७ डिसेंबर २०२४ ला तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी माफी मागितली आणि पैसे नाकारले.

सरळ_बोलणारा | सकाळी ९:०२

बरोबरच नाकारले. कायदा १९९५ चा, अंमल २०१० पासून. पंधरा वर्षं कमी पडली? २००६ च्या सर्व्हेत ४५ ते ५४ वयाच्या ९० टक्के बायकांना वय वाढतंय हे माहीत होतं. आणि पैसे द्यायचे कोणी? माझ्या पोरीने, जिला स्वतःला ६८ पर्यंत थांबावं लागेल? कमाल दर लावला तर साडेदहा अब्ज होतात. समानता हवी तर दोन्ही बाजूंनी हवी.

लेस्टरची_शालू | सकाळी ९:२०

आले बघा समानतावाले. माझा जन्म १९५५ चा. समान वेतनाचा कायदा १९७० चा, पण लागू व्हायला डिसेंबर १९७५ उजाडला. आमच्या कारखान्यात पार्टटाइम बायकांना कंपनीच्या पेन्शनमध्ये घेतच नव्हते. पगारात समानता नाही, घरकामात नाही, ती नेमकी पेन्शनच्या वयात आठवली होय!

आणि 'वय वाढतंय हे माहीत होतं' म्हणजे काय माहीत होतं? माझं किती वाढलं हे कुठे माहीत होतं?

कोपऱ्यावरची | सकाळी ९:४१

मीही १९५५ चीच आहे आणि मला पंच्याण्णवपासून माहीत होतं. पेपरात आलं होतं. मी त्या हिशेबाने बचत केली. प्रत्येक गोष्टीचं पत्र घरी यावं ही अपेक्षा मला समजत नाही.

लेस्टरची_शालू | सकाळी ९:४४

तुम्ही काय काम करायचात?

कोपऱ्यावरची | सकाळी ९:५०

अकाउंटंट.

लेस्टरची_शालू | सकाळी ९:५१

झालं मग.

सावनी_रेडिंग | सकाळी १०:१५

बँकेने कार्ड बंद केलं. २५ पाउंड गेले असं समजते. पाऊसवेडी, थँक्यू. एनआय नंबर दिला नव्हता, नशीब.

आईची तारीख १ जून १९५४. १९७७ ला लग्न होऊन इकडे आली. शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी होती, २०१२ च्या जुलैत सोडलं. साठला पेन्शन सुरू होईल, दोन वर्षं बचतीवर काढू असा हिशेब होता. मिळाली जानेवारी २०२० ला. म्हणजे साडेपाच वर्षं हवेत! आणि हे लोक २,९५० वर बोळवण करतायत, तेही नाही.

हिशेबनीस | सकाळी १०:४०

तुमच्या आईचं उदाहरण सगळ्यात वाईट गटातलं. जुन्या नियमाने जून २०१४. १९९५ च्या कायद्याने ६ जुलै २०१८. २०११ च्या कायद्याने ६ जानेवारी २०२०. त्या दुसऱ्या कायद्याने एकदम १८ महिने पुढे ढकललं, त्याहून जास्त कोणाचंच नाही.

पण साडेपाच वर्षांची पेन्शन परत मिळणं विसरा. ती मागणी वेगळ्या गटाची होती, २०१९ ला हायकोर्टात आणि २०२० ला अपिलात हरली. वय वाढवणं बेकायदा नव्हतं. लोकपालांनी वयाला हात लावलाच नाही. ते म्हणाले, पेन्शन खात्याला २००५ मध्येच कळलं होतं की बायकांना पुरेसं माहीत नाही. मग व्यक्तिगत पत्रं डिसेंबर २००६ पर्यंत निघायला हवी होती, ती निघाली एप्रिल २००९ पासून. २८ महिने उशीर. भरपाई त्या उशिराची, पेन्शनची नाही.

सरळ_बोलणारा | सकाळी १०:५५

तेच म्हणतोय. पत्राला उशीर झाला म्हणून कोणी अब्जावधी वाटतं का? बाकी आधी फलक धरून वास्पीच्या बायकांसोबत फोटो काढणारे, २०१९ च्या निवडणुकीत ५८ अब्ज कबूल करणारे आणि सत्तेत आल्यावर तिजोरी दाखवणारे पुढारी मलाही आवडत नाहीत.

वऱ्हाडी_काका | दुपारी १:१०

तिकडं लाखाच्या गोष्टी चालू आहेत. इकडं ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना) वाल्याले किमान पेन्शन हजार रुपये, २०१४ पासून तेवढीच. साडेसात हजार मागून मागून बुलढाण्याच्या मंडपात लोकं म्हातारे झाले. त्याच्यावर कोणी धागा काढत नाही.

पाऊसवेडी_लीड्स | दुपारी १:२५

काका, तुम्ही काढा, आम्ही येतो. इथे नको.

नाशिककर_मेलबर्न | दुपारी २:००

एक अवांतर पण महत्त्वाचं. आई कायमच्या भारतात राहायला गेल्या तर ब्रिटिश पेन्शन मिळत राहते, पण दरवर्षीची वाढ बंद. गेल्या दिवशीचा आकडा गोठतो. इथे ऑस्ट्रेलियातही तेच. माझ्या काकांचे त्यावरून फार हाल झाले, ती कथा सवडीने लिहीन.

सावनी_रेडिंग | दुपारी २:१२

मी हे विचारलंच नव्हतं. आई नाशिकला मामाकडे आहे, पण हिवाळ्यापुरती. येणारे परत.

आणि हो, १ जून ही खरी तारीख नाही. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली. आजी सांगायची, कोजागिरीची रात्र, दूध आटवायला ठेवलं आणि कळा सुरू झाल्या. १९५३ ची कोजागिरी. खऱ्या तारखेने काही फरक पडतो का?

हिशेबनीस | दुपारी २:३०

१९५३ ची कोजागिरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. त्या तारखेने पेन्शन ६ जुलै २०१८ ला. म्हणजे संसदेने दीड वर्ष खाल्लं आणि मास्तरांनी दीड.

लेस्टरची_शालू | दुपारी २:३४

हसू की रडू! माझीही १ जूनच आहे.

कोपऱ्यावरची | दुपारी २:४०

माझ्या नवऱ्याची. त्याच्या तिन्ही भावांची.

सावनी_रेडिंग | रात्री ९:२०

अपडेट. तुम्ही पत्र-पत्र करताय म्हणून लॉफ्टमधली बाबांची निळी बॉक्सफाईल काढली. बाबा २०१६ ला गेले, त्यानंतर कोणी उघडली नव्हती. आत खणाखणाला चिठ्ठ्या : 'गॅस', 'काउन्सिल', 'गाडी' आणि एकावर 'मिसेस'. त्यात ते पत्र सापडलं. डिसेंबर २०१२ चं. पाकीट सुरीने सरळ कापलेलं, पत्र परत त्याच घडीत घातलेलं, कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात तारीख.

आईला नाशिकला फोन केला. तिला हे पत्र माहीतच नाही. घरातली सगळी सरकारी पाकिटं बाबाच फोडायचे. म्हणाली, "त्यांना वाटलं असेल चुकून आलंय, मग कळवतील नीट." थोड्या वेळाने म्हणाली, त्याच्या पुढच्याच जानेवारीत किचनच्या मॅनेजरने परत बोलावलं होतं, ती नाही म्हणाली होती.

सरळ_बोलणारा | रात्री ९:३५

वाईट वाटलं, मनापासून. पण पत्र आलं होतं हे तुम्हीच दाखवलंत. घरात कोण पाकीट फोडतं हे सरकार कसं बघणार?

लेस्टरची_शालू | रात्री ९:४१

कधी आलं ते बघा ना! नोकरी सोडली जुलैत, पत्र डिसेंबरात. १९५३ एप्रिलनंतर जन्मलेल्यांना पहिली पत्रं २०१२ आणि १३ मध्येच निघाली. ती २८ महिने आधी आली असती तर २०१० च्या उन्हाळ्यात घरात. तेव्हा सावनीची आई कामावर होती. आत्ताच्या भाषेत सांगायचं तर एचआरला विचारलं असतं, सुपरवायझरला विचारलं असतं. चार बायका डबा खाताना बोलल्या असत्या. नवऱ्याने फाईल केलं तरी कळलं असतं.

हिशेबनीस | रात्री ९:५०

यात शालूताईंशी सहमत. माझं मत आजवर सरळ_बोलणारांच्या बाजूचं होतं. पण सरसकट ३६ लाखांना नको. ज्यांनी निर्णय घेऊन टाकला त्यांना द्यावेत.

सरळ_बोलणारा | रात्री ९:५३

आणि ते सिद्ध कसं करणार? ३६ लाख लॉफ्ट तपासणार?

पाऊसवेडी_लीड्स | रात्री १०:०५

भांडा तुम्ही. सावनी, मुद्द्याचं विचारते. आईला आत्ता पूर्ण पेन्शन मिळते का? २०२५-२६ ला पूर्ण म्हणजे आठवड्याला २३०.२५ पाउंड. आणि २०१२ ला नोकरी का सोडली?

सावनी_रेडिंग | रात्री १०:१८

१६० च्या आसपास. मी १९७९ ची, भाऊ ८२ चा, ती १९९० पर्यंत घरीच होती. म्हणून कमी असेल ना.

सोडली माझ्यासाठी. माझी मुलं लहान होती, मला परत कामावर जायचं होतं.

पाऊसवेडी_लीड्स | रात्री १०:३०

मग २,९५० चा नाद सोड आणि हे वाच. दोन गोष्टी.

एक : १९७८ ते २०१० मध्ये लहान मुलांसाठी घरी असलेल्या, चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्या बायकांची ती वर्षं पेन्शनच्या (एनआय) रेकॉर्डवर धरायची असतात. मे २००० च्या आधी क्लेम करताना एनआय नंबर टाकला नसेल तर ती नोंदच झालेली नसते. असंख्य बायकांची झालेली नाही. फॉर्म सीएफ ४११. पेन्शन सुरू झाल्यावरही भरता येतो.

दोन : एप्रिल २०११ पासून, बारा वर्षांखालचं नातवंड सांभाळणाऱ्या आजीला, तिचं पेन्शनचं वय होईपर्यंत, त्या वर्षांचं एनआय क्रेडिट (वर्गणी भरल्यासारखी नोंद) मिळतं. तू कामावर होतीस, चाइल्ड बेनिफिट तुझ्या नावावर होतं, तुला ते क्रेडिट लागत नाही. ते आईच्या नावावर वळवता येतं. मागच्या वर्षांचंही. फॉर्म सीए ९१७६. माझ्या सासूबाईंचं केलंय.

दोन्ही सरकारी साइटवर, फुकट. नक्की किती वाढेल ते तेच काढतील. दुसऱ्या फॉर्मवर तुझी सही लागेल.

सावनी_रेडिंग | रात्री १०:३३

माझी?

पाऊसवेडी_लीड्स | रात्री १०:३४

हो. आई म्हणून तुझी, आजी म्हणून तिची.

नाशिककर_मेलबर्न | रात्री १०:५०

नाशिकला कुठे असतात मामा? आमचं घर पंचवटीत. कागद सहीसाठी न्यायचे तर माझा भाऊ आहे तिथे.

सावनी_रेडिंग | रात्री ११:२५

गंगापूर रोड. खाजगी निरोप करते.

दोन्ही फॉर्म सापडले, प्रिंट काढतेय. आई विचारतेय, जन्मतारीख कोणती लिहायची? कोजागिरीची लिहिली तर जमेल का, म्हणते.

हिशेबनीस | रात्री ११:२६

नाही!! पासपोर्टचीच. १ जून.

लेस्टरची_शालू | रात्री ११:२७

१ जून +१

वऱ्हाडी_काका | सकाळी ६:०५

१ जून +१. अन् ईपीएसचा धागा काढला आहे, या सगळे.