पोपट पाळायचा तर वर्षाला किती? (आमच्या लातूरच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

जाधव (ए-२०२): नमस्कार मंडळी. पोरीची दहावी झाली एकदाची. आता तिचं एकच चाललंय, पोपट पाहिजे. तिच्या आईनं 'बघू' म्हणलं आणि घरात त्याचाच होकार झाला. कुणी पाळलाय का? पक्ष्याची किंमत नका सांगू, ती दुकानदार सांगतोच. वर्षभर सांभाळायला किती जातात तेवढं सांगा.

कांबळे (सी-१०३): काय जातंय हो जाधव साहेब! एक मिरची अन् पेरूची एक फोड. गावाकडं आमच्या आजीचा राघू होता, लई बोलायचा. त्याचा कुणी हिशोब ठेवला नाही 😄 चौकशी केली तर बाजारात हिरवा राघू अजून मिळतोय.

स्वामी वकील (बी-१०१): कांबळे, तेवढं मात्र करू नका 🙏 आपला हिरवा राघू आणि तो मोठा पहाडी, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. पकडणं, विकणं, घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिंजऱ्यासकट फोटो स्टेटसला टाकणारे तर स्वतःच पुरावा देतात.

कांबळे (सी-१०३): मग आजीचा?

स्वामी वकील (बी-१०१): आजीचा काळ गेला. आता कुठं जखमी राघू सापडला तरी घरात ठेवून घेऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

देशमुख अण्णा (ए-००१): आम्ही लहानपणी ज्वारीत माळ्यावर उभं राहून दिवस दिवस गोफण फिरवली ह्या राघवांवर. कणसं भरली की थव्यानं यायचे, खायचे थोडं, पाडायचे जास्त. आता लोक त्याला पैसे देऊन घरात बसवायलेत. चालू द्या.

मुंडे (ए-४०१): 😂😂 अण्णा

जाधव (ए-२०२): राघू नको वकील साहेब, पोरीनं ते नेटवर वाचलंय आधीच. ती विदेशी म्हणते. बजी (तो चिमुकला पोपट) नाहीतर कॉकाटील (तो डोक्यावर तुरा असलेला). बिराजदार काकू, तुमच्याकडं हायेत ना?

पाटील वहिनी (बी-२०१): काकूंकडं आहेत हे आम्हाला विचारा. वरून करडईची टरफलं सरळ आमच्या कुरडयांवर. मागच्या उन्हाळ्यात चाळून घेतल्या मी कुरडया.

बिराजदार काकू (बी-३०१): वहिनी, त्यानंतर पिंजऱ्याला खालून मच्छरदाणीचं कापड शिवलंय की मी. यंदा काही पडलं तर सांगा.

पाटील वहिनी (बी-२०१): यंदा अजून वाळवण घातलंच नाही 😊

बिराजदार काकू (बी-३०१): जाधव दादा, लांब लिहिते, सवडीनं वाचा. माझ्याकडं कॉकाटीलची जोडी आहे. वहीत सगळं लिहून ठेवायची सवय (ह्यांची बँकेतली नोकरी, घरात शिस्त), म्हणून आकडे खरे आहेत.

खाणं. दोघांना मिळून महिन्याला सव्वा किलो धान्य, म्हणजे वर्षाला पंधरा किलो. त्यातलं निम्मं टरफल आणि सांडलवंड. दुकानातलं तयार मिश्रण घेतलं तर एकशे वीसच्या आसपास किलो, म्हणजे अठराशे. त्या पाकिटात सूर्यफूल फार असतं. पक्षी तेवढंच निवडून खातात, अंगावर चरबी चढते, यकृत बिघडतं. म्हणून मी राळं आणि बाजरी गंजगोलाईच्या बाजारातून आणते, करडई गावाकडून येते, सूर्यफूल चिमूटभर. नुसत्या धान्यावर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळं रोज पालक, कोथिंबीर, गाजर, शेवग्याचा पाला. हुरड्याच्या दिवसांत एक कोवळं कणीस टांगलं की दोघं तासभर कुठं जात नाहीत. ह्या हिरव्याचे महिन्याला दीडशे धरा, म्हणजे आणखी अठराशे. समुद्रफेस (कॅल्शियमसाठी, चोचीनं कुरतडतात) आणि खनिजाची वडी, चारशे. बसायच्या दांड्या, कुरतडायची खेळणी, सहाशे. दांड्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्यांच्या लावल्या तर फुकट. दुकानातली एकसारखी गुळगुळीत दांडी पायाला वाईट, तळव्याला फोड येतात.

इथपर्यंत सगळे म्हणतात, अरे, हे तर काहीच नाही. पैसा पुढं जातो.

लातूरचा उन्हाळा. पक्ष्याला घाम येत नाही. पारा बेचाळीसला गेला की चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, असे धापा टाकतात. दुपारभर कूलर त्यांच्या खोलीत. अडीच महिन्यांचं जादा बिल अकराशेच्या घरात. लाइट गेली की ओलं गोणपाट पिंजऱ्याच्या एका बाजूला, चारही बाजूंनी नाही, वारा खेळला पाहिजे.

आणि डॉक्टर. गेल्या वर्षी मादीचं अंडं अडकलं. सकाळी बघते तर पिंजऱ्याच्या तळाला कागदावर बसलेली, पिसं फुगवून गोळा झालेली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली. इथं जवळच्या दवाखान्यात फोन केला तर 'आम्ही गाई-म्हशी अन् कुत्रे बघतो, पक्षी नाही.' मग डबा गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. तिथं जमलं. गाडीचं तेल, औषधं, पुन्हा एकदा दाखवायला जाणं, सगळे मिळून चौतीसशे.

बेरीज करा: १८०० + १८०० + ४०० + ६०० + ११०० + ३४०० = ९१००. त्यात खाण्याचे जेमतेम छत्तीसशे. पिंजरा बत्तीसशेचा आणि जोडी चार हजारांची, ते एकदाचं, ह्यात धरलेलं नाही.

कांबळे (सी-१०३): चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

बिराजदार काकू (बी-३०१): तसंच. म्हणून डॉक्टरचे पैसे आजारपण आलं की काढायचे असं नको, दर महिन्याला तीनशे बाजूला टाकायचे. पक्षी आजार लपवतो. आपल्याला दिसेपर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो. मी दर रविवारी दोघांना स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसवते. नव्वद ग्रॅमचा पक्षी ऐंशीवर आला तर वाट बघायची नाही, निघायचं.

जाधव (ए-२०२): काकू, हे दुकानदारानं एक अक्षर सांगितलं नाही. तो म्हणे 'मुठभर दाणे टाका, बास.'

शेख सर (सी-३०२): जाधव भाऊ, बजी घ्या, निम्म्याच्या आत होतं. आमच्याकडं एक जोडी आहे. वर्षाला सात किलो धान्य, आठशे रुपये. बाकी कोथिंबिरीच्या काड्या अन् समुद्रफेस. डॉक्टरची वेळ आली नाही अजून, त्यामुळं अडीच हजारांत वर्ष निघतं. दोन गोष्टी बघा. दुकानात लव्हबर्ड म्हणून दाखवतात ते पुष्कळदा बजीच असतात, भाव मात्र लव्हबर्डचा लावतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, शेपूट आखूड, चोच जाड. दुसरं, पिंजरा उंच नको, रुंद घ्या. पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर-खाली जात नाही. आणि गंजलेला किंवा जस्ताचा मुलामा उडालेला स्वस्त पिंजरा नको, जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते.

शेख सर (सी-३०२): जोडी घेतली अन् मडकं टांगलं की पिल्लं होणार, हेही खर्चात धरा. दोनाचे आठ झाले होते. वाटता वाटता नाकी नऊ आले. मडकं काढून टाकलं तेव्हा कुठं थांबलं.

मुंडे (ए-४०१): माझ्या भावानं पुण्यात सन कोन्यूर घेतलाय, तो पिवळा-केशरी विदेशी पोपट. एकच आहे. आयात केलेल्या पेलेट्सचे (तयार खाद्याच्या गोळ्या) सात हजार, बदाम-अक्रोड-फळांचे पाच, खेळण्यांचे चार (सगळं कुरतडून भुगा करतो, रिमोटची बटणं खाल्ली), डॉक्टर तीन-चार. वर्षाला वीस हजार. आवाज एवढा की खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा सोसायटीत तक्रार केली.

पाटील वहिनी (बी-२०१): तो प्रकार आपल्याकडं नको म्हणजे नको.

स्वामी वकील (बी-१०१): मुंडे, भावानं नोंदणी केलीय का विचारा. सन कोन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे असे पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' यादीत आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणं त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. नवीन घेतला तर तीस दिवसांत. बजी आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत, जाधवांना ती कटकट नाही. पण पावती घ्याच.

मुंडे (ए-४०१): विचारतो. त्याचा डोळा आता आफ्रिकन ग्रेवर आहे.

बिराजदार काकू (बी-३०१): तो पन्नास-साठ वर्षं जगू शकतो म्हणावं. मृत्युपत्रात लिहावा लागेल 😄 बजी पाच ते दहा, कॉकाटील पंधरा-वीस. जाधव दादा, नऊ हजार गुणिले पंधरा करून बघा आणि मग पोरीला हो म्हणा.

देशमुख अण्णा (ए-००१): सव्वा लाखाच्या वर गेलं की. म्हैस येते.

कांबळे (सी-१०३): म्हैस लिफ्टमध्ये बसत नाही अण्णा.

कुलकर्णी ताई (ए-३०२): मला वेगळंच विचारायचंय. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, बर्ड फ्लू निघाला. त्याआधी २०२१ मध्ये परभणीकडं मुरुंब्याला कोंबड्या गेल्या. गॅलरीत पक्षी ठेवले तर आपल्याला धोका नाही का? माझ्या सासूबाईंना दमा आहे, म्हणून विचारते.

बिराजदार काकू (बी-३०१): ताई, रास्त प्रश्न आहे. कावळे-पारवे पिंजऱ्यावर बसू द्यायचे नाहीत, त्यांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडू द्यायची नाही. त्या महिन्यात मी पिंजरा आत घेतला होता आणि गॅलरीतलं पारव्यांचं पाणी बंद केलं होतं. दम्याचं मात्र वेगळं आहे. कॉकाटीलच्या पिसांतून सारखी पांढरी पूड झडते, फडताळावर बोट फिरवलं की दिसते. घरात दमा असेल तर कॉकाटील नकोच. बजीची पूड कमी, पण तेही डॉक्टरांना विचारून.

जाधव (ए-२०२): आमच्याकडं दमा नाही कुणाला. पण काकू, एक अडचण. जूनपासून पोरीचे अकरावीचे क्लास, पहाटे साडेपाचला निघणार, रात्री घरी. लातूरला राहून ते चुकत नाही.

बिराजदार काकू (बी-३०१): मग खरा खर्च तोच. रोज सकाळी कागद बदलणं, पाण्याची वाटी घासणं, संध्याकाळी तासभर बाहेर सोडणं. माणसाळलेला कॉकाटील एकटा पडला तर ओरडतो, स्वतःची पिसं उपटतो. पक्षी पोरीचा असला तरी काम वहिनींवर पडणार. त्यांना विचारलंत का?

जाधव (ए-२०२): …

जाधव वहिनी (ए-२०२): मला कुणी विचारलेलं नाही. सगळी चर्चा वाचतेय मी.

कांबळे (सी-१०३): गेले जाधव साहेब 😂

शेख सर (सी-३०२): आणि गावाला जाताना? दिवाळीत चार दिवस, लग्नसराईत आठ. आम्ही शेजारी ठेवतो म्हणून निभतं. दिवाळीत फटाक्यांनी रात्री दचकून अंधारात धडपडतात, पंख मोडून घेतात. मंद दिवा चालू ठेवावा लागतो.

जाधव वहिनी (ए-२०२): काकू, माझी ना नाही. पण आधी बघायचंय मला झेपतंय का. तुम्ही एप्रिलमध्ये सोलापूरला लेकीकडं जाणार होता ना?

बिराजदार काकू (बी-३०१): जाणार आहे की, आठ दिवस. जोडी न्या तुमच्याकडं. धान्य, काटा, वही, सगळं देते. रोजचं वजन नका करू, रविवारचं तेवढं करा. पोरीला एकटीला सगळं करू द्या, तुम्ही हात लावू नका. आठ दिवसांनी ती काय म्हणते ते ऐका.

पाटील वहिनी (बी-२०१): म्हणजे ते आठ दिवस मी कुरडया घालते. छान.

मुंडे (ए-४०१): तारीख लॉक करा वहिनी 👍

जाधव (ए-२०२): काकू, कधी येऊ न्यायला?

बिराजदार काकू (बी-३०१): शनिवारी उन्हं उतरल्यावर. एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडं नॉनस्टिक तवा आहे का?

जाधव वहिनी (ए-२०२): दोन आहेत. का हो?

बिराजदार काकू (बी-३०१): ते आठ दिवस माळ्यावर टाका. तवा रिकामा जास्त तापला की त्याच्या लेपाचा धूर होतो, आपल्याला वासही येत नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. डोसे बिडाच्या तव्यावर घाला. आणि पिंजरा स्वयंपाकघराला लागून नको, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा, पंख्याखाली नाही.

जाधव वहिनी (ए-२०२): बिडाचा तवा सासूबाईंकडं गावाकडं आहे. ह्यांना शनिवारच्या आधी आणायला लावते.