तिसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी बाबागाडी कोणती निवडावी?

नवखी_आई यांचा प्रश्न

नमस्कार. आमची मुलगी पुढच्या आठवड्यात चार महिन्यांची होईल आणि तिच्यासाठी बाबागाडी घेण्याचे आम्ही ठरवले आहे. गेले पंधरा दिवस मी निरनिराळ्या गाड्यांची वर्णने वाचत आहे. परंतु जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो, कारण प्रत्येक गाडी हलकी, भक्कम आणि ‘जन्मापासून चार वर्षांपर्यंत’ चालणारी असल्याचे तिचे विक्रेते सांगतात.

आमची परिस्थिती अशी आहे. घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. घराभोवतीचे पदपथ उखडलेले आहेत, मात्र अर्ध्या तासाच्या अंतरावर एक चांगले उद्यान आहे. आठवड्यातून दोनदा मुलीला घेऊन बसने जावे लागते. मी कामावर असते तेव्हा सासूबाई तिला बाहेर नेतील, पण त्यांचे गुडघे दुखतात. माझे पती बरेच उंच आहेत आणि दुकानात त्यांनी ढकलून पाहिलेल्या दोन्ही गाड्यांना त्यांचे पाय अडकत होते.

एकच गाडी आतापासून तीन वर्षांपर्यंत पुरेल का, की दोन घ्याव्या लागतील? तीन चाकांची गाडी खरोखरच बरी असते का? आणि मूल आपल्याकडे तोंड करून बसणे आवश्यक आहे, असे जे सांगतात त्यात कितपत तथ्य आहे?

दोघांची_आई यांचे उत्तर

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘लिफ्ट नाही’ हे आहे आणि बाकी सगळे त्याच्या मागून येते. मी हे अनुभवाने सांगते. थोरल्याच्या वेळी आम्ही मोठ्या हौसेने जवळजवळ तेरा किलोची, मोठ्या चाकांची, वर झोपाळी (बाळाला आडवे निजवण्याची टोपली) आणि खाली भलीमोठी टोपली असलेली गाडी घेतली. रस्त्यावर ती अप्रतिम चालत असे. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि एका कडेवर मूल, दुसऱ्या हातात ती गाडी अशी चढण मला एकटीला कधीच जमली नाही. महिन्याभरातच मी तिच्याशिवाय बाहेर पडू लागले, आणि गाडी जिन्याखाली पावसाळी छत्र्या ठेवण्याच्या कामी आली.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक प्रयोग करा. मुलीला कडेवर घ्या, दुसऱ्या हातात सात-आठ किलोची पिशवी धरा आणि तीन जिने चढा. मग दहा-बारा किलोची पिशवी घेऊन तेच करा. कोणत्या वजनाला तुमचा श्वास लागतो हे एकदा कळले की निम्म्याहून अधिक गाड्या आपोआप यादीतून गळतील. पत्रकात छापलेले वजन कधीकधी टप, टोपली आणि पुढचा दांडा काढून सांगितलेले असते, तेव्हा जमल्यास तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. घडी एका हाताने होते का, घडी झाल्यावर गाडी आपल्या आपण उभी राहते का, आणि उचलायला पट्टा किंवा मूठ आहे का, हे तीन प्रश्न रंग आणि कापडाच्या कितीतरी आधी विचारावेत.

हलक्या गाडीचा इतिहासही याच अडचणीतून सुरू झाला. ओवेन मॅकलॅरेन हे ब्रिटिश अभियंते स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले होते. नातवंडाला घेऊन आलेल्या मुलीची अवजड गाडीमुळे होणारी दमछाक पाहून त्यांनी छत्रीसारखी मिटणारी अॅल्युमिनियमची गाडी रचली आणि १९६५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती तीन किलोहून कमी वजनाची होती. आजच्या छत्रीवजा गाड्या तिच्याच वंशातल्या आहेत; मात्र त्यांतल्या पुष्कळशा गाड्यांची पाठ पूर्ण आडवी होत नाही, हे चार महिन्यांच्या बाळासाठी लक्षात ठेवावे लागेल.

बालविभागातील_परिचारिका यांचे उत्तर

वरचा शेवटचा मुद्दा मी पुढे नेते. बाळ मान नीट सावरू लागेपर्यंत आणि आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे सहाव्या महिन्याच्या आसपास, त्याला सपाट किंवा जवळजवळ सपाट झोपता येईल अशीच जागा गाडीत हवी. पाठ उभी असेल तर डोके छातीवर झुकते आणि एवढ्याशा श्वासनलिकेला तेवढेही अडथळ्यासारखे होते. मोटारीतील बाळाची खुर्ची गाडीच्या सांगाड्यावर बसवण्याची सोय असते, ती मोटारीतून घरापर्यंत नेण्यापुरती चांगली आहे. बाळाला तासन्‌तास त्यातच झोपू देण्यासाठी ती नव्हे. तुमच्या मुलीला ही अवस्था ओलांडायला दोनच महिने उरले आहेत, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी वेगळी झोपाळी घेणे मला अनाठायी वाटते. पाठ पूर्ण आडवी होणारी हलकी गाडी मिळाली तर एकातच भागेल.

तोंड कोणत्या दिशेला असावे, याविषयी स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात सुझान झीडिक यांनी अभ्यास केला होता आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्यावरून जाणाऱ्या अडीच हजारांहून अधिक पालक-बालकांच्या जोड्यांचे निरीक्षण करण्यात आले, तेव्हा मूल पालकांकडे तोंड करून असले की त्याच्याशी बोलणे सुमारे दुपटीने अधिक होते, असे दिसले. सोबत केवळ वीस माता आणि बाळे घेऊन एक छोटा प्रयोगही झाला. त्यात बाळे समोरासमोर असताना अधिक हसली आणि अधिक वेळा झोपली. वीस ही संख्या थोडी आहे, त्यामुळे यावरून पुढे बघणारी गाडी हानिकारक ठरते असा अर्थ कोणी काढू नये. पहिले वर्षभर समोरासमोर असणे बरे, एवढेच मी म्हणेन, कारण बाळाचा चेहरा, घाम, उलटी, तोंडावर आलेले पांघरूण हे सगळे न थांबता दिसते. पुढे मूल स्वतःच जग पाहायला मान वळवू लागते. बैठक दोन्ही दिशांना फिरणाऱ्या गाड्या मात्र बहुधा जड असतात आणि तुमच्या जिन्याचा विचार केला तर हा सौदा तुम्हाला महाग पडू शकतो. दिशेसाठी वजन वाढवण्याऐवजी बसने जाताना आणि उद्यानात थांबल्यावर गाडी आपल्याकडे वळवून ठेवली तरी पुष्कळ साधते.

उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची सवय असेल तर ती मोडा. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कोरड्या कापडाने झाकलेल्या गाडीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा जवळजवळ ४ अंश सेल्सिअसने वाढले, तर ओलसर पातळ कापड आणि छोटा पंखा वापरल्यावर ते जवळजवळ ५ अंशांनी कमी झाले. म्हणून टप लांब आणि जाळीची खिडकी असलेला निवडावा, म्हणजे मुळात कापड टाकावेच लागत नाही.

चाके_आणि_बिजागऱ्या यांचे उत्तर

मी यंत्र अभियंता आहे आणि नातेवाइकांच्या बऱ्याच बाबागाड्या दुरुस्त केल्या आहेत, म्हणून फक्त सांगाड्याविषयी लिहितो.

चाक जितके मोठे तितका खड्डा त्याला लहान वाटतो. उखडलेल्या फरशीच्या कडेला छोटे पुढचे चाक अडते आणि गाडी झटक्याने पुढे कलते. तीन चाकांच्या गाडीचे पुढचे चाक बहुधा मोठे असते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती सुखद वाटते आणि वळतेही हलकी. पण तिरक्या अंगाने पदपथावर चढवताना ती एका बाजूला अधिक सहज झुकते. शिवाय जिन्याशेजारी नुसत्या दोन अरुंद पट्ट्यांचा उतार केलेला असतो तिथे तिचे मधले चाक अधांतरी राहते. शिवाय ती रुंद असते आणि बसमध्ये अडचण करते. धावण्यासाठी वेगळ्या गाड्या असतात, त्यांचे पुढचे चाक जागच्या जागी पक्के करता येते. साध्या तीन चाकी गाडीला मागून धक्का देत धावू नये. तुमच्या गरजा पाहता मी चार चाकांची, पुढची चाके फिरती पण खटक्याने सरळ अडकवता येणारी गाडी घेईन. हवेचे टायर मऊ चालतात आणि पंक्चर होतात. भरीव फोमची चाके थोडी कडक असली तरी देखभाल मागत नाहीत. कडक प्लास्टिकच्या चाकांची खडखड तुम्हाला दोन दिवसांत नको होईल.

पतींचे पाय अडकतात याचे कारण बहुधा दांड्याची उंची नसून दांडा आणि मागचा आस यांतील अंतर असते. दांडा उंच करता आला तरी आस तिथेच राहतो, म्हणून नुसते उभे राहून न पाहता नेहमीच्या चालीने वीस पावले चालून पाहावे.

बिजागऱ्यांकडे दुर्लक्ष करू नका. २००९ मध्ये अमेरिकेत एका प्रसिद्ध उत्पादकाने सुमारे दहा लाख छत्रीवजा गाड्या परत मागवल्या, कारण घडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदवल्या गेल्या होत्या. बिजागरी कापडाने किंवा प्लास्टिकने झाकलेली असावी, चुकून मिटू नये म्हणून दुसरा खटका असावा आणि गाडी उघडताना किंवा मिटताना मूल हातभर दूर असावे. ब्रेक एकाच पायाने दोन्ही मागच्या चाकांना लागतो का, हे दुकानातील उतारावर पाहा. पट्टा पाच टोकांचा, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून, कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि मांड्यांमधून येणारा घ्या आणि मांड्यांमधला पट्टा रोज लावा, कारण तो नसला तर मूल खाली घसरते. दांड्याला जड पिशव्या अडकवल्या की हलकी गाडी मागे उलटते, विशेषतः मुलाला उचलल्याच्या क्षणी.

तीन वर्षांपर्यंत पुरेल का, याचे उत्तर वजनाच्या मर्यादेत आहे. युरोपच्या ईएन १८८८ या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या आणि दुसरा १५ ते २२ किलोच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांचे मूल १५ किलोच्या जवळपास पोचलेले असू शकते, म्हणून २२ किलोची मर्यादा छापलेली गाडी मिळत असेल तर ती घ्यावी.

झोळीपंथी यांचे उत्तर

मला वाटते की तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गाडी घेण्याची घाईच करू नये. बाळाला बांधून घेण्याच्या पट्ट्यात जिने, बस, खड्डे सगळे प्रश्न एकदम सुटतात. फक्त बाळाचा चेहरा सतत दिसावा आणि हनुवटी छातीला टेकू नये, एवढे पाहावे.

दोघांची_आई यांचे उत्तर

तुमचे म्हणणे आईवडिलांपुरते पटते. पण दुपारी मुलीला नेणार आहेत त्या सासूबाई, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी सहा-सात किलोचे बाळ अंगावर घेऊन जिने उतरणे त्यांना सांगता येणार नाही. या घरात दोन्ही वस्तू लागतील असे दिसते.

नवखी_आई यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पिशवीचा प्रयोग आम्ही काल संध्याकाळी केला. मला आठ किलोपर्यंत जमते, दहा किलोला दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागते. सासूबाईंनी तर तीन किलोलाच मान हलवली. त्यामुळे तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्या पडवीत घडी केलेली गाडी साखळीने बांधून ठेवण्याची परवानगी मिळवली आहे. सासूबाई जिन्यावरून येताना मुलीला तेवढी शेजारची मुलगी खाली आणून देईल. आता यादीत पाठ आडवी होणाऱ्या, साडेसात किलोच्या आतल्या चार चाकी गाड्याच उरल्या आहेत, आणि बैठक फिरवण्याचा हट्ट मी सोडला. शनिवारी दोन गाड्या पाहायला जाणार आहोत. आणखी काही पाहायचे राहिले आहे का?

चाके_आणि_बिजागऱ्या यांचे उत्तर

सासूबाईंना सोबत न्या. विक्रेत्याने एकदा दाखवल्यानंतर घडी त्यांनाच घालू द्या आणि उघडूही द्या. मध्ये खटका सापडला नाही तर तुम्ही पुढे होऊन मदत करू नका. दुपारी पडवीत तुम्ही तिथे नसाल.