किट सारखं निगेटिव्ह, पाळीचा पत्ता नाही.. तरी प्रेग्नन्सी असू शकते का?

गोंधळलेली_मी:
नमस्कार, पहिल्यांदाच असं काही विचारतेय त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतंय. माझी पाळी तशी वेळेवर असते, एखाद-दोन दिवस इकडेतिकडे, पण या वेळी आठवड्याच्या वर पुढे गेलीये. मागच्या महिन्यात एकदा कंडोम फाटला होता, दुसऱ्याच दिवशी इमर्जन्सी पिल घेतली, मग मधेच थोडं स्पॉटिंग झालं आणि त्यानंतर काहीच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची किट आणून झाली, सगळ्यांवर एकच लाइन. पण छाती एवढी दुखतेय की पालथं झोपता येत नाही, सारखं लघवीला लागतं, सकाळी मळमळतं, पोट फुगल्यासारखं वाटतं. काल रात्री तर कचऱ्यात टाकलेली पट्टी परत काढून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितली आणि दुसऱ्या लाइनच्या जागी मला करडी सावली दिसली, नवरा म्हणतो काहीही नाहीये. नेटवर वाचलं की काही बायकांना पाचव्या महिन्यात कळलं, तोपर्यंत किट निगेटिव्हच येत होतं म्हणे, तेव्हापासून झोप उडालीये. आम्हाला आत्ता मूल नकोय. पिलमुळे किट चुकीचं दाखवतं का? आणि किती वेळा निगेटिव्ह आलं की विश्वास ठेवायचा?

लॅबवाली:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून लिहितेय, डॉक्टर नाही. किती वेळा केली याला फार अर्थ नाही गं, कधी केली ते बघ. किट ज्या हार्मोनवर चालतं ते एचसीजी गर्भ गर्भाशयाला चिकटल्यावरच तयार व्हायला लागतं, आणि ते चिकटणं ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडल्यावर, साधारण 6 ते 12 दिवसांत होतं. त्याआधी कितीही पट्ट्या भिजवल्यास तरी निगेटिव्हच येणार. एकदा सुरू झालं की मात्र ते भराभर वाढतं, सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट. म्हणजे आज 10 युनिट (mIU/ml) असेल तर आठवड्याभरात पन्नास ते शंभरच्या घरात जातं, आणि घरची बरीच किट 25 च्या आसपास पकडतात. म्हणून पाळीच्या तारखेवरून मोजू नकोस, पाळीची तारीख हलू शकते. शेवटचे असुरक्षित संबंध झाले त्या दिवसापासून 21 दिवस मोज. त्यानंतर सकाळच्या पहिल्या लघवीने नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर तो निकालच समज.

पिलचा आणि किटचा काही संबंध नाही, पिलमध्ये एचसीजी नसतंच. आणि ती करडी सावली म्हणजे वाळलेल्या लघवीची खूण. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीयेत तेवढ्यातच बघायचं आणि पट्टी फेकायची, तासाभराने जे दिसतं ते धरायचं नाही. कचऱ्यातून काढून तर नाहीच नाही 😄

रात्रपाळी:
लॅबवाली +1. माझंही सेम झालेलं, पाळी गायब, किट निगेटिव्ह आणि छाती दगडासारखी. शेवटी थायरॉइड निघालं. डॉक्टर तेव्हा म्हणाल्या होत्या की छाती दुखणं, पोट फुगणं, चिडचिड हे सगळं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन करतं आणि ते पाळीच्या आधीही वाढतं आणि प्रेग्नन्सीतही, त्यामुळे लक्षणांवरून कुणालाच सांगता येत नाही, त्यांनाही नाही. आणि आपण सारखं दाबून बघतो दुखतंय का दुखतंय का, मग ते अजूनच दुखणार ना.

बंडूनाना:
एवढं काय टेन्शन घ्यायचं. केमिस्टकडे पाळी यायच्या गोळ्या मिळतात, चार-पाच दिवस घ्या, मोकळं व्हा. आमच्या घरात घेतात.

कडूकारलं:
नाना, असं सरसकट सांगू नका हो. त्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, बंद केल्यावर काही दिवसांनी रक्तस्राव येतो, पण त्याआधी प्रेग्नन्सी नाही हे बघावं लागतं आणि कुणाला द्यायच्या कुणाला नाही ते डॉक्टर ठरवतात. शिवाय पाळी का लांबली ते कळतच नाही, नुसतं पुढच्या महिन्यावर ढकललं जातं. हिने आत्ताच एक हार्मोनची गोळी घेतलीये, त्यावर परत दुसरी कशाला?

आणि ताई, तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय त्या पिलवरच आहे. ती ओव्ह्युलेशन पुढे ढकलते, तसंच तर तिचं काम चालतं. ओव्ह्युलेशन पुढे गेलं की पाळीही पुढे जाते. मधलं स्पॉटिंगही तिचंच असू शकतं. फक्त एक गोष्ट नीट आठवा, पिल घेतल्यानंतर परत विदाऊट प्रोटेक्शन काही झालं का? कारण पुढे ढकललेलं ओव्ह्युलेशन नंतर कधीतरी होतंच आणि शुक्राणू पाचेक दिवस जिवंत राहू शकतात, पिल पुढच्या संबंधांना कव्हर करत नाही. हे खूप जणांना माहीतच नसतं.

गोंधळलेली_मी:
नाही, त्यानंतर भीतीने जवळजवळ काहीच नाही, जे झालं ते कंडोम लावून आणि तो नीट होता. फाटला त्याला आता चार आठवडे होत आले. म्हणजे 21 दिवस तर कधीच होऊन गेले?? पण माझ्या बऱ्याच टेस्ट त्याच्या आधीच्या होत्या आणि काही संध्याकाळी भरपूर पाणी पिऊन केलेल्या. आणि ते हुक इफेक्ट म्हणून काहीतरी वाचलं, की हार्मोन खूप जास्त असेल तर किट उलट निगेटिव्ह दाखवतं, ते काय असतं?

लॅबवाली:
वाटलंच होतं मला हा प्रश्न येणार. हुक इफेक्ट खरा आहे पण त्यासाठी एचसीजी प्रचंड लागतं, लाखांच्या घरात. दिवस बरेच पुढे गेलेले असतील किंवा द्राक्षगर्भासारखं (गर्भाऐवजी गर्भाशयात द्राक्षांसारख्या फोडांचा घोस वाढतो ते) काही असेल तर क्वचित दिसतो. चार आठवड्यांपूर्वीच्या संबंधांवरून तुला तो होणार नाही. पाचव्या महिन्यात कळलं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींनी टेस्ट केलेलीच नसते किंवा फार लवकर एकदा करून सोडून दिलेली असते.

आधीच्या टेस्ट विसर. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीने एक कर, एक्स्पायरी बघून. तरी मन मानत नसेल तर रक्ताची बीटा एचसीजी करून टाक, त्यात आकडा मिळतो, 5 च्या खाली म्हणजे नाही. मधेच 5 ते 25 असं काही आलं तर दोन दिवसांनी परत करून वाढतंय का बघतात. सोनोची घाई करू नकोस, फार लवकर केली तर काही दिसत नाही आणि मग तू म्हणशील दिसलं नाही म्हणजे लपलंय.

कडूकारलं:
हाहा, अगदी.

एक मात्र गंभीरपणे सांगते. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन पडल्यासारखं होणं, त्याबरोबर रक्तस्राव, यातलं काही झालं तर किट काय म्हणतंय ते बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. गर्भ नळीत राहिला असेल तर एचसीजी कधीकधी कमी असतं. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही म्हणून घाबरू नका, पण माहीत असावं.

गोंधळलेली_मी:
नाही तसलं दुखणं अजिबात नाहीये. आज सकाळी परत केली, वेळ लावून, एकच लाइन, आणि पट्टी नवऱ्याने लगेच बाहेर नेऊन टाकली 🙈 बीटा पण करून टाकते, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल. निगेटिव्ह आला तर गायनॅककडे जाऊन काय विचारू?

रात्रपाळी:
मग प्रश्नच बदलतो, पाळी का येत नाही हा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन), पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड), अचानक वजन कमी-जास्त होणं, मोठं आजारपण, झोपेचं खोबरं, यातलं काय ते त्या बघतील. पिलची तारीख, स्पॉटिंगची तारीख आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहून ने, तिथे गेल्यावर काही आठवत नाही. आणि पिलमुळेच असेल तर बहुतेक जाईपर्यंत येईलच.

नवी_आई:
मधेच विचारते, सॉरी. माझं बाळ अंगावर पितं, बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नाही, मग मी कुठून मोजायचं?

लॅबवाली:
तेच, शेवटच्या असुरक्षित संबंधांपासून 21 दिवस. पाळीची वाट बघू नकोस, कारण पहिल्या पाळीच्या आधी ओव्ह्युलेशन होऊन गेलेलं असू शकतं. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं असेल किंवा वरचं खाणं सुरू केलं असेल तर अंगावर पाजण्याच्या भरवशावर राहू नकोस, डॉक्टरांना गर्भनिरोधकाचं विचार, पाजत असताना चालतात अशी बरीच आहेत.