व्हिसिकॅल्क ही स्प्रेडशीट (तक्त्यांत आकडेमोड करणारा प्रोग्राम) बाजारात असताना लोटस १-२-३ ही दुसरी स्प्रेडशीट पुढे कशी गेली?

जुनाफ्लॉपी: लोटसचे संस्थापक मिच केपॉर आधी व्हिसिकॅल्क विकणाऱ्या कंपनीतच होते ना? मग नेमकं वेगळं काय केलं?

सेल_ए१: हो, व्हिसिप्लॉट हा आलेख काढणारा प्रोग्राम त्यांचाच. १९८२ मध्ये लोटस कंपनी काढली, बेन रोझेन यांचं भांडवल होतं. जानेवारी १९८३ ला आलेली १-२-३ जोनाथन सॅक्सनी असेंब्लीत (यंत्राच्या अगदी जवळच्या प्रोग्रामिंग भाषेत) लिहिली होती. बायोसला (संगणकाच्या भागांशी बोलणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) वळसा घालून ती थेट व्हिडिओ मेमरीत लिहायची, म्हणून वेग. तोटाही तोच: 'आयबीएमसारख्या' यंत्रांवर ती अडायची. मग क्लोन, म्हणजे आयबीएम पीसीच्या नकला, खरंच जुळतात का हे तपासायला लोक तीच चालवून बघू लागले!

तळटीप: पहिल्याच वर्षी लोटसची विक्री ५.३ कोटी डॉलर. केपॉर १९८६ मध्ये बाहेर. १-२-३ च्या विंडोज आवृत्तीला झालेला उशीर नंतरचा, तो त्यांच्या माथी नको. पुढे गुंतवणूकदार म्हणून यूयूनेट, रिअलनेटवर्क्स या इंटरनेट कंपन्यांत.